रेंज फुल्ल, नेट गुल

फोन खिडकीत उभा करून ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही आणि चुकून कुणी पडदा ओढला तर त्याच्यावर खेकसायचं. ज्या घरात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, तिथे हे दृश्य ओळखीचं असेल. आमच्याकडे ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. पडद्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. कापड रेडिओ लहरींना अडवत नाही. अडवणारी मंडळी वेगळीच होती.

घोळ असा होतो की 'रेंज नाही' या दोन शब्दांत आपण तीन-चार वेगवेगळी दुखणी कोंबतो. टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही, हे एक. आवाज पोचतो पण गोंगाटात कळत नाही, हे दुसरं. टॉवरवर इतकी गर्दी आहे की आपला नंबरच लागत नाही, हे तिसरं. आणि फोनपर्यंत सगळं उत्तम येतंय, पण फोनकडून लॅपटॉपकडे जाताना सांडतंय, हे चौथं. प्रत्येकाचा उपाय निराळा. चौथ्या दुखण्यावर सिम बदलून काही होत नाही, आणि तिसऱ्यावर अँटेना लावूनही फारसं काही होत नाही. तरी लोक नेमकं हेच करतात. मीही केलं.

म्हणून आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. फोनचं वायफाय बंद करून फोनवरच वेग मोजा. मग त्याच जागी हॉटस्पॉट लावून, लॅपटॉप फोनपासून हातभर अंतरावर ठेवून मोजा. मग लॅपटॉप नेहमीच्या जागी नेऊन मोजा. शेवटी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून, म्हणजे यूएसबी टेदरिंग करून, पुन्हा मोजा. फोनवरच वेग रडका असेल तर अडचण टॉवर आणि फोनच्या मध्ये आहे. फोनवर चांगला, केबलवर चांगला, फक्त वायफायवर वाईट असेल तर टॉवरला शिव्या देण्यात अर्थ नाही. आणि फोनवर चांगला पण केबलवरही वाईट असेल, तर बहुधा तुमच्या प्लॅनमध्येच हॉटस्पॉटसाठी वेगळी मर्यादा घातलेली आहे. ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

दांड्यांवर विश्वास किती ठेवायचा

फोनच्या कोपऱ्यातल्या त्या चार-पाच दांड्या हे मोजमाप नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचं सर्वांवर बंधनकारक असं प्रमाण नाही. ज्याने फोन बनवला तो ठरवतो. जुलै २०१० मध्ये ॲपलने जाहीरपणे कबूल केलं होतं की आयफोनमध्ये दांड्या काढायचं सूत्रच साफ चुकलेलं होतं, आणि कित्येकदा हव्या त्याहून दोन दांड्या जास्त दिसत होत्या. आजही एकाच टेबलावर, एकाच कंपनीचं सिम असलेले दोन फोन शेजारी ठेवले तर एकावर दोन आणि दुसऱ्यावर चार दांड्या दिसू शकतात. चार दांड्यांवाल्याला नेट जास्त मिळेल असं काही नाही.

खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो आणि तो तुमच्या फोनमध्ये आत्ताही आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५# आणि शेवटी पुन्हा एक * असं टाइप करून कॉल लावला की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. तिथे आकड्यांची जत्रा असते. त्यातले दोनच आपल्या कामाचे.

पहिला आरएसआरपी. टॉवर सतत एक ठरावीक खूण पाठवत असतो आणि ती खूण फोनला किती जोरात ऐकू येते, हे आरएसआरपी सांगतो. आकडा नेहमी उणे असतो, त्यामुळे उणे ८५ हा उणे १०५ पेक्षा चांगला. साधारण ठोकताळा असा: उणे ८० किंवा त्याहून वर म्हणजे मजा आहे, उणे ९० च्या आसपास छान, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या खाली गेलात की कुरकुर सुरू आणि उणे १२० ला फोन हात टेकतो.

हे माप चढत्या पटीचं आहे आणि इथेच अंदाज चुकतात. दर १० डीबीला (डीबी म्हणजे डेसिबल) ताकद दसपट बदलते, दर ३ डीबीला दुप्पट किंवा निम्मी. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे ९० म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग! एवढ्याशा कुजबुजीवर तुमचा फोन व्हिडिओ चालवतो, म्हणजे कमाल त्याचीच आहे. आणि उणे ९० वरून उणे ११० वर गेलात तर 'वीसने कमी' झालं नाही, शंभरावा भाग उरला.

दुसरा आकडा एसआयएनआर. याकडे कुणी बघत नाही आणि खरी मेख इथेच आहे. आरएसआरपी सांगतो आवाज किती मोठा. एसआयएनआर सांगतो की आजूबाजूच्या कलकलाटाच्या मानाने तो किती स्पष्ट. शांत खोलीत कुजबुज कळते, भरलेल्या सभागृहात ओरडलेलंही कळत नाही, तसंच. २० च्या वर असेल तर उत्तम, १० ते १५ असेल तर चांगलं, शून्याजवळ असेल तर फोन अक्षरशः अंदाजपंचे ऐकतोय. हा आकडा चांगला असला की टॉवर एका ठोक्यात ८ बिट पाठवतो. वाईट असला की तोच टॉवर, तेवढ्याच वेळात, २ बिटांवर येतो, शिवाय चुका दुरुस्त करायला जास्तीची माहिती जोडावी लागते ती वेगळीच.

आणि हा कलकलाट येतो कुठून? बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या टॉवरकडून. ४जीमध्ये शेजारशेजारचे टॉवर सहसा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. दोघांच्या बरोबर मध्ये राहणाऱ्याला दोघांचेही आवाज सारख्याच जोरात येतात, दांड्या भरून दिसतात आणि नेट मात्र गोगलगाय.

माझ्या वहीतलं एक पान

एका संध्याकाळी मी वही घेऊन घरभर फिरलो. घरातल्यांनी याकडे दयेने पाहिलं. तीन नोंदी इथे देतो, कारण मला जे कळलं ते या तिघींमधूनच कळलं.

बैठकीच्या खोलीत, जिथे मी काम करायचो तिथे: आरएसआरपी उणे १११, एसआयएनआर २. पुढच्या खिडकीत, म्हणजे पडद्यावाल्या त्या पवित्र जागी: उणे ९६, एसआयएनआर ५. मागच्या खोलीतल्या कपाटाच्या वर: उणे १०३, एसआयएनआर १५.

दांड्या बघितल्या तर पुढची खिडकी जिंकते, आणि दोन वर्षं तीच जिंकत होती. पण वेग मोजला तर कपाटावर तो खिडकीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. कारण पुढची खिडकी मोकळ्या बाजूला आहे. तिथून एक नाही, तीन टॉवर सारख्याच जोरात दिसतात आणि तिघे एकमेकांवर बोलतात. मागच्या खोलीत इमारतच त्यातल्या दोघांना अडवते. एकच टॉवर थोडा दबक्या आवाजात, पण स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे ज्या भिंतींना मी दोष देत होतो त्याच तिथे माझं काम करत होत्या.

तुमच्या घरात हे उलटंही असेल. म्हणून तर फिरायचं. एक सांगतो, घाई करू नका. फोन नव्या जागी ठेवला की अर्धा मिनिट थांबा, मग आकडा लिहा. तो सरासरी काढत काढत स्थिरावतो. आणि फोन हातात धरून मोजू नका, ठेवून मोजा. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. नुसत्या हाताच्या पकडीने काही डीबी खाल्ले जातात.

जागा सापडली असं वाटलं की फोन तिथल्या तिथे वीतभर इकडेतिकडे सरकवून पाहा. हे खुळ्यासारखं वाटतं, पण त्याला कारण आहे. लहरी थेट येतात, तशा भिंतींवर, जमिनीवर, समोरच्या इमारतीवर आपटूनही येतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. अशा चांगल्या-वाईट जागांमधलं अंतर साधारण अर्ध्या लहरीइतकं किंवा त्याहूनही कमी असतं. १८०० मेगाहर्ट्झला लहर सुमारे १७ सेंटिमीटरची, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर सरकवलं तरी फरक पडू शकतो.

भिंती, काचा आणि फ्रिक्वेन्सी

साधी काच दोन-चार डीबी खाते, लाकडी दार किंवा प्लायचा आडोसा साधारण तेवढंच. विटेची भिंत त्याहून जास्त. लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट दहा-वीस डीबी सहज गिळतं. पण सगळ्यात फसवी म्हणजे उष्णता अडवणारी आधुनिक काच. तिच्यावर धातूचा इतका पातळ थर असतो की डोळ्याला दिसत नाही, पण रेडिओ लहरींना तो भिंतीसारखाच. अशी काच वीस-तीस डीबी खाऊ शकते, आणि तीस डीबी म्हणजे हजारावा भाग उरतो. अशा घरात फोन खिडकीत ठेवून उपयोग नाही, खिडकी उघडावी लागते. उघडी आणि बंद अशी दोन मोजमापं घ्या, लगेच कळेल. पत्र्याचं छप्पर, धातूचं कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे सगळे याच टोळीतले.

भिंत किती खाते हे फ्रिक्वेन्सीवरही ठरतं. मोबाइल कंपन्यांकडे वेगवेगळे बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे असतात: ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे खालचे, १८०० ते २६०० चे मधले, आणि ५जीसाठी ३३०० ते ३८०० च्या आसपासचे. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तेवढ्याच अंतरावर सुमारे ६ डीबी कमी मिळतात. ९०० आणि ३५०० मध्ये मोकळ्या मैदानातच १२ डीबींचा फरक पडतो. भिंतींचा हिशेब त्यानंतर. मग सगळे ९०० च का वापरत नाहीत? कारण खालच्या बँडमध्ये जागाच थोडी. तिथे एका कंपनीला सहसा ५ किंवा १० मेगाहर्ट्झची पट्टी मिळते, तर वरच्या ५जी बँडमध्ये ती १०० पर्यंत रुंद असू शकते. एक लांबवर जाणारी पाऊलवाट, दुसरा जवळच संपणारा आठपदरी रस्ता.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ७०० वरचं 'फुल्ल ५जी' हे २३०० वरच्या दोन दांड्यांच्या ४जीपेक्षा हळू असू शकतं. शिवाय आजही बऱ्याच ठिकाणी ५जी हे ४जीच्या आधारानेच चालतं, आणि फोनच्या कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असलं तरी त्या क्षणी सगळी माहिती ४जीवरूनच येत असेल असंही होतं. जिथे ५जी काठावर आहे तिथे फोन दोन्हींमध्ये सारखा उड्या मारतो आणि कॉल अडकतात. अशा जागी सेटिंगमध्ये जाऊन फक्त ४जी निवडणं हा मी पाहिलेला सर्वात स्वस्त इलाज आहे, म्हणजे फुकट.

एक गोष्ट राहिली. टॉवरचा ट्रान्समीटर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. तुमचा फोन मात्र जास्तीत जास्त पाव वॉटच्याही आत, बहुधा ०.२ वॉट. म्हणजे काठावरच्या घरात टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला ऐकू जात नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसतात आणि सगळे म्हणतात, 'तुमचा आवाज तुटतोय', त्याचं हेच कारण. म्हणून वेग मोजताना अपलोडचा आकडा आधी बघा. सिग्नल कमजोर झाला की बऱ्याचदा तोच पहिल्यांदा कोसळतो. फोन तापणं, बॅटरी भराभर उतरणं हेही तिथूनच. बिचारा सगळी ताकद लावून ओरडत असतो.

कंपन्यांची तुलना कशी करायची

कंपनीच्या वेबसाइटवर कव्हरेजचा रंगीत नकाशा असतो. तो खोटा असतो असं मी म्हणणार नाही, पण तो मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. टॉवरची उंची, फ्रिक्वेन्सी, जमिनीचे चढउतार हे सगळं सूत्रात घालून सिग्नल कुठवर पोचेल याचा अंदाज, आणि तोही सहसा घराबाहेरचा. अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने कंपन्यांचे नकाशे प्रत्यक्ष गाडीने फिरून तपासले. डिसेंबर २०१९ च्या अहवालात निघालं की नकाशाने कबूल केलेला किमान वेग फक्त ६२.३ टक्के चाचण्यांमध्ये मिळाला. नंतर नियम कडक झाले. तरी ४जीच्या नकाशाची तिथली व्याख्या पाहण्यासारखी आहे: कव्हरेजच्या काठावर ५ एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोड मिळण्याची शक्यता ९० टक्के, टॉवरवर निम्माच भार आहे असं धरून, आणि तुम्ही घराबाहेर किंवा गाडीत आहात असं धरून. आता रात्री नऊ वाजता, चार भिंतींच्या आत, सगळी इमारत एकाच वेळी मालिका बघत असताना काय होईल याचा त्यात शब्द नाही.

ओपनसिग्नल, एनपर्फ, सेलमॅपर यांसारखे नकाशे लोकांच्या फोनमधून आलेल्या मोजमापांवर बनतात. ते वास्तवाच्या जवळ असतात, पण त्यांच्यातही खोट आहे: मोजमापं रस्त्यांवर दाट आणि घरांत विरळ. सेलमॅपरचा मात्र एक खास उपयोग आहे. कोणत्या कंपनीचा कोणता बँड कुठल्या दिशेने येतो, याचा अंदाज तिथे मिळतो. टॉवरची जागा थोडी इकडेतिकडे असू शकते, दिशा बहुतेक बरोबर असते.

'आमच्या समोरच त्यांचा टॉवर आहे' या वाक्यावर फार जाऊ नका. एकाच मनोऱ्यावर तीन-चार कंपन्यांच्या अँटेना असतात आणि खालून कोणाची कुठली ते कळत नाही. शिवाय अँटेना आपला झोत लांबवर टाकण्यासाठी असतात. अगदी पायथ्याशी असलेल्या घराला त्या झोताचा उष्टा भागच मिळतो.

सगळ्यात भरवशाची तुलना म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम स्वतःच्या फोनमध्ये, स्वतःच्या घरात घालून बघणं. पाहुणा आला की त्याचं सिम दहा मिनिटं मागून घ्या. काही कंपन्या चाचणीपुरतं ई-सिमही देतात. पाहुण्याच्या फोनवर आणि आपल्या फोनवर मोजून तुलना करू नका. दोन फोनच्या अँटेना वेगळ्या, बँड वेगळे. फोन तोच, जागा तीच, वेळ तीच, फक्त सिम वेगळं. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते अकराच्या मध्ये अशा तीन वेळा मोजा. सकाळ-रात्रीचा आरएसआरपी सारखा आणि वेग मात्र निम्म्याखाली, तर ते गर्दीचं दुखणं. त्याला तुमच्या घरात फारसा इलाज नाही. दुसरी कंपनी किंवा कमी गजबजलेला बँड हाच उपाय.

दोन सिमवाल्या फोनमध्ये एक फसगत होते, ती माझी झाली. दुसऱ्या सिमचा आकडा उणे ८८ दिसला म्हणून मी उड्या मारल्या. ते सिम नुसतं बसून होतं, आणि रिकामं सिम बरेचदा खालच्या, लांब पोचणाऱ्या बँडवर विसावतं. डेटा त्यावर वळवल्यावर फोन वरच्या बँडवर गेला आणि आकडा उणे १०६ झाला. ज्या सिमचा आकडा वाचायचा, त्यावरच आधी डेटा लावा आणि काहीतरी डाउनलोड करत असताना वाचा.

वेग मोजणाऱ्या ॲपचा सर्व्हर अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे परीक्षा घरच्याच मास्तरांनी घेतल्यासारखी. त्यासोबत तुम्ही खरंच वापरता ती सेवा चालवून बघा, आणि पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ (मिलिसेकंदांत), किती वरखाली होतो ते बघा. कॉलसाठी १०० एमबीपीएस लागत नाहीत, पण पिंग कधी ४० तर कधी ६०० होत असेल तर कॉल टिकत नाही. आणि दुसऱ्याचं जाळं भाड्याने घेणाऱ्या कंपन्या असतात, त्यांचं कव्हरेज मूळ कंपनीइतकंच दिसलं तरी गर्दीच्या वेळी त्यांचे ग्राहक रांगेत मागे उभे केले जाऊ शकतात.

फोनकडून लॅपटॉपकडे

फोन कपाटावर गेल्यावर माझ्यापुढे नवा प्रश्न आला: लॅपटॉप बैठकीत. हॉटस्पॉट दोन फ्रिक्वेन्सींवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती पार करतो, पण तिथे सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही आहेत. त्यात एकमेकांना न धक्का लावणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपाशी दमतो. एकाच खोलीत असाल तर ५, मध्ये भिंत असेल तर २.४. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये हा पर्याय बँड या नावाने सापडतो. आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू केलं की तो २.४ वर येतो.

सूत्र एकच: फोनने तिथे बसायचं जिथे टॉवर स्वच्छ ऐकू येतो, आणि घरातलं अंतर वायफायने किंवा केबलने कापायचं. लॅपटॉपसाठी फोन जवळ ओढू नका. घरातली भिंत ओलांडणं सोपं आहे, दूरच्या टॉवरला जवळ आणणं अवघड. जुना राउटर रिपीटर म्हणून चालत असेल तर तो मधल्या दारापाशी ठेवा. लॅपटॉप फोनशेजारी ठेवणं शक्य असेल तर यूएसबी टेदरिंग सगळ्यात उत्तम. वायफायची कटकटच संपते आणि फोन चार्जही होतो. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती वायफायपासून लांब ठेवा. अशी डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, हे इंटेलनेच २०१२ मध्ये लिहून ठेवलं आहे.

उन्हातल्या खिडकीत चार्जिंगला लावून हॉटस्पॉट चालवलात तर फोन तापून स्वतःच वेग कमी करतो. सकाळी झकास, दुपारी ठप्प, असं असेल तर आधी फोनला हात लावून बघा. आणि लॅपटॉपला सांगा की हे मोजून मिळणारं नेट आहे. विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' म्हणतात. नाहीतर मीटिंगच्या ऐन मध्यात तो स्वतःचं अपडेट उतरवायला घेतो, आणि आपण टॉवरच्या नावाने खडे फोडतो.

विकत घ्यायच्या वस्तू

रोजचं काम असेल तर सिम घालायचा ४जी किंवा ५जी राउटर फोनपेक्षा बरा. तो भिंतीच्या विजेवर चालतो, त्याच्या अँटेना मोठ्या असतात आणि घरातला एखादा माणूस बाहेर गेला म्हणून नेट जात नाही. घेण्याआधी एकच खात्री करा: तुमची कंपनी तुमच्या घरी ज्या बँडवर येते, ते बँड त्या राउटरला कळतात का. बाहेरची अँटेना लावायची सोय असेल तर पुढचा रस्ता मोकळा राहतो.

दिशा धरून ऐकणारी अँटेना छपरावर लावली की दुहेरी फायदा: आवाज मोठा होतो आणि बाकीच्या दिशांचा गोंगाट कानाआड जातो, म्हणजे एसआयएनआरही सुधारतो. पण केबलचा हिशेब कुणी सांगत नाही. बारीक, स्वस्त केबल १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये सात डीबी किंवा त्याहूनही जास्त खाऊ शकते. वर अँटेनाने जे कमावलं ते खाली येईपर्यंत संपलं. केबल जाड घ्या आणि आखूड ठेवा. त्यापेक्षा राउटरच अँटेनाजवळ ठेवा आणि पुढे साधी नेटवर्क केबल ओढा, ती शंभर मीटरपर्यंत कुरकुरत नाही. आणि अँटेना जोडीने लावायच्या, एकमेकींना काटकोनात तिरक्या, कारण ४जी एकाच वेळी दोन वाटांनी माहिती पाठवतं.

सिग्नल बूस्टर म्हणून जी पेटी विकतात तिच्याबद्दल जरा जपून. बऱ्याच देशांत ती परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि ते उगीच नाही. पेटी चांगलं-वाईट सगळंच मोठं करते, म्हणजे गोंगाटही. आतली आणि बाहेरची अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की ध्वनिक्षेपकासारखी शिट्टी सुरू होते. ती आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते, आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे कॉल तुटायला लागतात. फोनच्या मागे चिकटवायचे सोनेरी स्टिकर आणि 'बूस्टर' नावाची ॲप यांच्यासाठी एक वाक्य पुरे: काही होत नाही. ॲप फार तर विमान मोड चालू-बंद करतं. तो मात्र हाताने जरूर करून बघा. फोन कधीकधी एका लांबच्या टॉवरला घट्ट धरून बसतो. विमान मोडने तो हात सुटतो आणि शोध नव्याने सुरू होतो.

तक्रार फक्त कॉलची असेल आणि घरात तारेचं नेट असेल, तर यातलं काहीच नको. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा.

हे सगळं करूनही घरात उणे ११८ च येत असेल तर कंपनीकडे तक्रार करा, पण 'रेंज येत नाही' असं लिहू नका. त्यावर फोन बंद करून चालू करा, एवढंच उत्तर येतं. मला ते चार वेळा आलं. पाचव्या वेळी मी तारीख, वेळ, बँड, सेल आयडी (टॉवरच्या ज्या भागाशी फोन जोडलेला असतो त्याचा क्रमांक), आरएसआरपी, एसआयएनआर आणि तीन दिवसांचे अपलोडचे आकडे लिहून पाठवले. त्यावर पहिल्यांदा एका इंजिनियरचा फोन आला, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: 'फोन घरात नेमका कुठे ठेवून मोजलंत?'